मूठ, पंजा, कड

मंगळवार, संध्याकाळ

ह्यांच्या गोळ्या आणायला सरकारी दवाखान्यात गेलो. सिस्टर म्हणाली, एचआयव्ही जुना झाला की कुणाकुणाचं डोकं अन् हात मंद होतात, तपासून बघू. टेबलावर मूठ, मग पंजा, मग हाताची कड, असं भरभर करायचं. ह्यांनी मूठ केली, परत मूठच. "पंजा हो, पंजा!" मी ओरडले. येईचना.

सिस्टर म्हणाली, मोठ्या डॉक्टरांना दाखवा, तोवर गाडी नको.

चाकणला कंपनीची बस हेच नेतात. आमच्याच गल्लीतल्या बाया असतात बसमध्ये. येताना रिक्षात हे मला म्हणतात, "मूठ-पंजा पोरांचा खेळ. स्टेअरिंगला लागतो का?"

घरी येऊन मीच बसच्या ठेकेदाराला फोन लावला. खरा आजार कसा सांगू? चक्कर येते म्हटलं. "वहिनी, दुसरा ड्रायव्हर लावला तर परत जागा मिळायची नाही." लावा म्हटलं. बरोबर केलं का? मूठ, परत मूठ, डोळ्यांपुढून जात नाही.

हे ऐकत होते. भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवायला हाक मारली, तर म्हणाले, "आजार निघाला तेव्हाच मेलो असतो, तर ड्रायव्हर म्हणून मेलो असतो."

सकाळी दुसरा ड्रायव्हर बस घेऊन गल्लीच्या तोंडाशी हॉर्न मारेल. तेव्हा ह्यांना कुठं नेऊ?