लॉबीतला फळा

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. सकाळी सात चाळीस.
बरोबर या वेळेला मी दूध घ्यायला खाली उतरले आणि लॉबीतल्या फळ्यावर माझी कालची ओळ वाचली. "नव्या घरातला पहिला चहा. वारा छान." ही ओळ मी एकाही जिवंत माणसाला दाखवलेली नाही. गिरगावातली खोली विकून रविवारीच करी रोडच्या या टॉवरमध्ये आले. घर हवेशीर, लिफ्ट चालते, शेजारच्या लक्ष्मीबाईंनी आल्या आल्या सोलकढी पाठवली. मन रमावं म्हणून भाची आकांक्षा म्हणाली, मावशी, रोज चहाबरोबर वहीत एकच ओळ लिही, निबंध नको. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांना हा आळस खपला नसता, मला मात्र आवडला. आणि पहिलीच ओळ कुणीतरी खडूने चव्हाट्यावर मांडली! जन्मभर गोदीच्या कचेरीत स्टेनो होते. साहेबांची गुपितं कधी फुटली नाहीत, माझा चहा फुटला.

बुधवार, ५ नोव्हेंबर
काल मुद्दाम लघुलिपीत लिहिलं आणि वही कपाटात कुलूपबंद केली. आज फळ्यावर स्वच्छ मराठीत: "सेक्रेटरी घुम्या वाटतो." सेक्रेटरी शामराव ते वाचत समोरच उभे. त्यांनी सांगितलं, फळा जुन्या चाळीचा. चाळ पाडली तेव्हा जुन्या भाडेकरूंनी हट्टाने तो इथे लावून घेतला. त्यावर फक्त मयताची खबर लिहितात: कोण गेलं, कधी नेणार. एरवी कोणी खडू लावत नाही. मग माझा चहा कोणी लिहिला, असं विचारलं, तर म्हणाले, "आमी कोणी नाय लिहिला, मॅडम. तुमी लिहू नकात, म्हंजे झाला." हा बरा न्याय! चोर मोकळा, आणि घरच्यांना सांगा दागिने घालू नका.

शनिवार, ८ नोव्हेंबर
मी ओळ लिहिणं सोडलेलं नाही आणि फळ्याने ती उतरवणं सोडलेलं नाही. आज मात्र डोकं फिरलं. खडू घेऊन फळ्यावरच लिहिलं: "हा आगाऊपणा करणाऱ्याने समोर यावं." खाली सही, पूर्ण नावाची: सुनेत्रा जयकर, चौदावा मजला. शामराव धावत आले. "मॅडम, ह्या काय केलात? त्या फळ्यार जित्या माणसाचा नाव घालूचा नसता!" मी म्हटलं, मग मेलेल्यांना सही करायला शिकवा. लिफ्टजवळ लक्ष्मीबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

सोमवार, १० नोव्हेंबर
तक्रार पुसली गेली आहे. नाव तेवढं राहिलंय. त्याच्याआधी कुणीतरी "कै." लावलंय. वळण माझ्याच अक्षराचं.
ओल्या फडक्याने मनगट दुखेपर्यंत पुसलं. फळा वाळला की पुन्हा तेच. शामरावांना म्हटलं, तुम्ही पुसा. ते फळ्याला हात जोडून उभे राहिले. माझ्याकडे बघेनात. चाळीचा रिवाज आहे, म्हणाले, एकदा लिहिलेलं नाव दहाव्यापर्यंत पुसायचं नाही. तेही वॉचमनला सांगितलं. मला नाही.

मंगळवार
दारात पिठलं-भात, ताटलीने झाकलेला. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारी आणून ठेवतात, तसा. लक्ष्मीबाई तिथेच होत्या. अहो, मी समोर उभी आहे, म्हटलं, चांगली धडधाकट— त्या माझ्या खांद्यावरून आत बघत रडत होत्या. "तोंडान फटकळ, पण मनान निर्मळ होती गो बाय," म्हणाल्या.
होती.

बुधवार
आकांक्षाला फोन केला. उचलला तिने. मी ओरडत होते. ती कुणाला तरी म्हणाली, मावशीच्या नंबरवरून फोन येतोय, पण कोणी बोलतच नाही. मग रडली. शुक्रवारी पोचते, म्हणाली. कशासाठी, ते मला—

गुरुवार
फळ्यावर वेळ आली. अंत्ययात्रा: शुक्रवार, सायंकाळी ५.
चहा केला. चव नाही. कपातून वाफ येते, हाताला मात्र ऊन लागत—

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
खाली बांबू आणलेत. दोरी सोडवतायत. माझं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, पण लिहिलेलं खाली उतरतं ना? मग हे उतरू दे.
शामराव, वाचा. नोव्हेंबर आहे. पेन्शनीसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो मला तुमच्या सहीचा हवा, सोसायटीच्या शिक्क्यानिशी: सुनेत्रा जयकर हयात आहे. लेखी हवा. आज चारच्या आत. तोंडी चालणार नाही. दार वाजवू नका, फटीतून आत सरकवा— किती जण आलात बाहेर? चारच्या आत म्हटलंय मी. चारनंतर आलेलं उत्तर मी घेणार ना—