पहिल्या क्रमांकाचे सदतीस जण

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : मोबाइल विक्री व दुरुस्तीचे दुकान चालवणारा, वय ५१.

विषय : नव्या मोबाइलचा एकच नग आला असून पहिल्या क्रमांकाचे सदतीस ग्राहक दुकानासमोर उभे असल्याबाबत.

संदर्भ : वितरकाचा संदेश, 'माल वाटेत आहे' (एकूण अकरा वेळा).

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सादर करतो की, मी हा अर्ज माझ्याच दुकानात, शटर गुडघ्यापर्यंत ओढून, त्याच्या आतल्या बाजूला जमिनीवर बसून लिहीत आहे. अक्षर वाकडे आल्यास क्षमा असावी. मला येथून ग्राहकांचे फक्त पाय दिसतात, आणि ते एका जागी स्थिर नाहीत.

२. हा नवा मोबाइल जाहीर होऊन नऊ आठवडे लोटले. वितरकाने पहिल्या आठवड्यात 'उद्या', दुसऱ्यात 'सोमवारी नक्की' आणि त्यानंतर संदर्भात नमूद केलेले उत्तर दिले. माल चालत निघाला असता तरी एव्हाना पोचला असता, असे मी त्यांना नम्रपणे कळवले. त्यावरही माल वाटेतच होता. अखेर आज सकाळी अकरा वाजता एक भलेमोठे खोके आले. मी हर्षभराने उघडले. वर चुरगळलेला कागद, त्याखाली आणखी कागद, आणि तळाशी एक नग. एकच.

३. येथे माझी चूक मी स्वतःहून नमूद करतो, म्हणजे ती दुसऱ्या कोणी आपल्या कानावर घालायला नको. गिऱ्हाईक दारातून नाराज परत पाठवायचे नाही, असा माझा शिरस्ता. 'पहिला नंबर तुमचाच बरं का, कुणाला बोलू नका,' एवढे म्हटले की माणूस खूश होऊन जातो. आजवर माल भरपूर यायचा, सगळ्यांना एकाच दिवशी मिळायचा, त्यामुळे सगळेच पहिले ठरत आणि कोणाचे काही बिघडत नसे. यंदा त्याच सवयीने मी सदतीस पावत्यांवर क्रमांक १ घातला. कोणाला शेंडी लावण्याचा हेतू नव्हता. पण लागली, हे खरे.

४. शेजारच्या केशकर्तनालयात आज दुपारी गणिताचे मास्तर आणि क्रेन चालवणारे गृहस्थ शेजारी-शेजारी बसले होते. माल आल्याचे कळताच मास्तर म्हणाले, माझा पहिला नंबर आहे. क्रेनवाले म्हणाले, असं कसं, पहिला माझा. दोघांनी पावत्या काढल्या. त्यावर दाढी करणाऱ्या कारागिराने वस्तरा खाली ठेवून आपल्या खिशातली पावती काढली, तीही पहिलीच निघाली. क्रेनवाले अर्ध्या दाढीनिशी माझ्या दुकानात आले. ते अजून तसेच बाहेर उभे आहेत व त्याचेही खापर माझ्याच डोक्यावर फुटत आहे.

५. दोनच्या सुमारास सर्व सदतीस जण जमले. 'घाईघाई' या नावाने ओळखले जाणारे विमा एजंट शटरवर किल्ल्यांचा जुडगा वाजवत आहेत. शटर वर उचलण्याचा दोनदा प्रयत्न झाला, तेव्हापासून मी शटरच्या खालच्या पट्टीवर पाय रोवून बसलो आहे. माझी पाचावर धारण बसली आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. सौ. यांनी मागच्या खिडकीतून पाणी दिले व 'कुणालाही देऊन टाका आणि घरी या' अशी सूचना केली.

६. नग आपण ताब्यात घ्यावा आणि चिठ्ठ्या टाकून काय तो निकाल लावावा, अशी विनंती करण्यासाठी मी हा अर्ज लिहायला घेतला होता. परंतु संदर्भासाठी मागणी क्रमांक उतरवून घ्यावा म्हणून आत्ता खोके उलटे केले आणि त्यावरची मागणीची तारीख वाचून हात थांबला. सदतीस नगांची मागणी पाठवण्याच्या चार दिवस आधीची ती तारीख आहे. त्या दिवशी मी फक्त एक नग मागवला होता, माझ्या थोरल्या बहिणीसाठी.

७. ताई टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करते. एकोणतीस वर्षे झाली. दोन वर्षांपासून तिची नजर जात चालली आहे. तिचा जुना मोबाइल छापील मजकूर वाचून दाखवतो, हाताने लिहिलेले पत्ते त्याला जमत नाहीत. हा नवा ते वाचतो. उद्या सकाळी दहा वाजता तिला साहेबांसमोर पाकिटांवरचे पत्ते ओळखून दाखवायचे आहेत, नाही जमले तर तिला घरी बसवणार. मोबाइल जाहीर झाला त्याच दिवशी ती सर्वांच्या आधी आली आणि 'माझ्यासाठी एक सांगून ठेव रे' म्हणाली. मी तिला पावती दिली नाही. 'तुला कशाला पावती, तू तर घरचीच,' असे म्हणालो. परक्या सदतीस जणांना पहिला नंबर, आणि सख्ख्या बहिणीला साधा चिटोरा नाही! एकच नग आल्याचे सौ. कडून समजल्यावर ताईने फोन केला. 'आधी लोकांचं बघ, माझं राहू दे' एवढेच बोलून ठेवला. ती नुकतीच रडली होती, हे मला आवाजावरून कळले. मला फार वाईट वाटले, महोदय.

८. सौ. हा अर्ज आपल्या कार्यालयात देऊन तशाच पुढे ताईला आणायला जात आहेत. त्या दोघी येताच मी शटर वर करून सर्वांसमोर चूक कबूल करणार आहे. पुढे जे होईल ते होवो. मात्र नग ताईचा आहे, असे मी सांगितले तर भाऊ बहिणीचे घर भरतो, असेच कोणीही म्हणेल. त्यांचे चुकते असेही नाही, सदतीस वेळा थापा मारलेल्या तोंडावर आता कोण विश्वास ठेवणार? तरी कृपा करून आपण स्वतः यावे अथवा कोणास पाठवावे, आणि खोक्यावरची मागणीची तारीख, जी सदतीसही पावत्यांच्या आधीची आहे, जमलेल्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवावी. मी वाचलेले कोणी मानणार नाही, आणि ताईला ती वाचता येणार नाही.

आपला नम्र व शरमिंदा,
(सही)
मोबाइल दुकानदार

गुरुवार, दुपारी ३ वाजून २० मिनिटे

सोबत :
१) पावत्यांच्या स्थळप्रती, सदतीस, सर्व क्रमांक १.
२) खोक्यावरील मजकुराची हाताने केलेली नक्कल. मूळ खोके माझ्या मांडीवर आहे.