चांद्याचा धनी

मुक्काम गुंजवणे, पेटा वेल्हे
श्रावण वद्य पंचमी, सन १९४४

प्रिय कुंडलिक,

तुला लिहायला बसलो की आधी तुझ्या शिव्या ऐकू येतात. भोरच्या शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा तू म्हणायचास, गंग्या, तू मुद्द्यावर येईस्तोवर म्हस इऊन मोकळी हुती. म्हणून आज मुद्दा आधी सांगतो. तुझ्या चांद्या बैलाला गोळी घालायचा हुकूम झाला होता. गोळी घालायला माणूस आला होता, आणि माझ्या हातात त्याला वाचवण्यासारखं काही नव्हतं. पुढं जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं, आणि अजून माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

मी गुरांच्या खात्यात लस टोचायचं काम करतो हे तुला ठाऊक आहेच. आषाढात आपल्या खोऱ्यात गुरांची बुळकांडीची साथ शिरली. पलीकडच्या गावांत लस पोचायच्या आधी गोठेच्या गोठे ओस पडले. मग हुकूम निघाला, की प्रत्येक जनावराला लस टोचा, खूण म्हणून मागच्या मांडीवर डाग द्या, आणि डाग नसेल ते जनावर ना बाजारात जाईल ना नदीपार. हुकूम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण तो लिहिणाऱ्यानं आयुष्यात कधी भातखाचरात पाय घातला नसावा. ऐन चिखलणीच्या दिवसांत लस टोचली की बैल तापानं बसतो, त्याला औताला जुंपता येत नाही. कुणाचं काय अडलं, हे विचारायला कुणीही आलं नाही. तुमच्या शेजारच्या गेनबानं आणि बनाबाईनं स्वतःच्या खांद्यावर औत ओढलं रे. भोरचा बाजार बंद, त्यामुळं शेरडू विकून मीठमिरची आणायचीही सोय उरली नाही. साळूबाईची दुभती गाय तर लशीच्या तापानंच गेली. मला वाटलं, आता ही बाई मला दारात उभं करायची नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याच गाईचं वासरू घेऊन रांगेत उभी. म्हणाली, टोच बाबा, ह्ये तरी ऱ्हाऊ दे. मला त्या वेळी तोंड वर करून तिच्याकडं बघवलं नाही.

आता चांद्याचं ऐक. खात्याचे साहेब तपासणीला आले त्या दिवशी गावानं बेंदराच्या सणाला काढतात तशी जनावरांची ओळ काढली. आणि बेंदराला देवाचा बैल पुढं असतो, म्हणून सावळाराम पाटलांनी चांद्यालाच सगळ्यांच्या पुढं आणलं. दोर नाही, वेसण नाही, भाकरीचा तुकडा दाखवत दाखवत आणलं. अरे, गप्प बसले असते तर तो राजगडाच्या रानात चरत राहिला असता, कुणाच्या नजरेलाही पडला नसता. पण यांना वाटलं, याच्या खांद्यावर त्रिशूळाचा डाग आहेच, देवाचा डाग सरकारी डागाच्या वरचढच असणार. साहेबांनी विचारलं, हा बैल कुणाचा. सगळं गाव एका तोंडानं अभिमानानं म्हणालं, कुनाचाच न्हाई साहेब, देवाचा हाय. झालं. साहेब म्हणाले, मग हा बेवारशी. ज्याचा दोर धरायला धनी नाही, आजारी पडला तर बांधून ठेवायला कुणी नाही, तो या गावातून त्या गावात रोग नेणार. उद्या दुपारपर्यंत धनी उभा राहिला नाही तर गोळी घाला. मी मध्ये बोलायला गेलो तर मलाच दम भरला. आणि खरं सांगू, रोगाच्या हिशेबानं त्यांचं चूक नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

चांद्या देवाचा कसा झाला, हे तुला कुणी कळवलं नसणार. ते मलाच लिहावं लागतंय. तू आफ्रिकेत गेल्यावर पलटणीकडून पहिलं पत्र आलं, की तुझा ठावठिकाणा लागत नाही. वर्ष गेलं. मग दुसरं आलं, की तू जिवंत नाहीस असं धरून चालावं. ती दोन्ही पत्रं तुझ्या आईला मीच वाचून दाखवली. भावकी बसली, दर्भाची मूर्ती केली आणि तिला अग्नी दिला. अकराव्याला बैल सोडायचा ठरला तेव्हा तुझ्या आईनं, ठकुमावशीनं, दुसरा कुठला बैल घेऊच दिला नाही. तू कळकाच्या नळीनं दूध पाजून जगवलेलं ते कपाळावर चांद असलेलं खोंड, तेच तुझ्या नावानं सोडलं. त्रिशूळ उमटवला आणि तिनं आपल्या हातानं त्याचा दोर सोडला. असा सोडलेला बैल पुन्हा बांधत नाहीत. बांधला तर दिलेलं दान परत घेतलं असं होतं, आणि ज्याच्यासाठी दिलं तो मधल्या मधे अडकतो, त्याला वाट मिळत नाही. हे तुला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मानसिंग बंदूक घेऊन आला. तो साधा चौकीदार, साहेबांचा हुकूम पाळायला आलेला. देवळापुढं सगळं गाव जमलं होतं, पण दोर धरायला कोण पुढं येणार. दान घरात घ्यायचं पाप कुणाला हवंय. तेवढ्यात तुझी आई आली. हातात अंबाडीचा कासरा, तू पलटणीत जायच्या आधी वळून ठेवलेला तो. पाटील आडवे आले. म्हणाले, ठकुबाय, लेकाचा इचार कर, त्याला कुठं अडकवतीस. ती म्हणाली, समद्यांनी मिळून त्याला मेला म्हनलं, म्या ऐकलं. आता त्याच्या बैलाला बेवारशी म्हनत्यात, ह्ये म्या ऐकनार न्हाई. त्याचा धनी हाय. दूर हाय, पर हाय. तंवर दोर म्या धरते.

आणि तिनं तू मारायचास तशीच हाक मारली. कुंडलिक, तो बैल वर्षभर माणसाच्या हाताला लागला नव्हता, त्यानं दोन गडी वारुळावर फेकले होते. तो चालत आला आणि तिच्यापुढं मान खाली करून उभा राहिला. तिनं शिंगांना कासरा बांधला, कपाळावरच्या चांदावर हात ठेवला. मी लस टोचली. मग तापलेलं लोखंड मांडीला लावलं, कातडं चरचरलं, आणि तो बैल जागचा हलला नाही.  बंदूकवाला मानसिंग हात जोडून उभा होता. आम्ही भोरकर म्हणजे दोन बुकं शिकून सगळ्याला हसणारी माणसं, पण त्या दिवशी मी त्या बाईच्या पायावर डोकं ठेवलं. एवढी छाती मी कुणाची पाहिली नाही, तुझीसुद्धा नाही.

गाव काही दिवस तिच्याशी तुटक वागलं. कुणी म्हणालं, पोराची गती बिघडवली. ती ऐकून घेते आणि चांद्यापुढं वैरण टाकते. काल मी डागाची जखम बघायला गेलो, तेव्हा तिनं मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाली, गंगाधरा, लस टोचली की तू दारोदार जाऊन समद्या धन्यांना सांगतोस, ताप ईल, भिऊ नगा, कामाला लावू नगा. मग माझ्या लेकाला कुनी सांगितलं? मी घरी येऊन कागद पुढं ओढला. म्हणून हे पत्र. पलटणीचं दुसरं पत्र ज्या पत्त्यावरून आलं होतं, तोच पत्ता घालतो आहे, पुढचं टपालवाले जाणोत. तर कुंडलिक, माझ्या कामाचा भाग म्हणून तुला कळवतो: तुझ्या बैलाला लस टोचली आहे. ताप येऊन गेला, आता बरा आहे, चारा खातो. यंदा त्याला औताला लावणार नाही. तुझी आई म्हणते, त्याला पहिल्यांदा जुंपायचं ते त्याच्या धन्यानंच.

तुझाच,
गंगाधर