बाबांचा लांब हात आणि तळ्यातली मान

मी, फ्युल्जाँस एबाका, वय एकाहत्तर, राहणार मोंझेले, नदीकाठ. धंदा होडी वल्हवणे व शास्त्रज्ञांना दलदलीतून तळ्यापर्यंत नेणे. कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दवाखान्यातल्या बाईंनी दिला आहे. त्यांना खात्री आहे. मला तेवढी नाही.

१. घर व मागची कसाव्याची बाग मुलगी सेलेस्तीन हिला. छप्पर गळते. शाकारले तिनेच आहे, तेव्हा तक्रार करू नये.

२. मोठी होडी धाकटा भाऊ गास्तों याच्या मुलीला. द्यायची त्यालाच होती, पण साक्षीदाराला वारसा देता येत नाही म्हणतात, आणि साक्षीदार मला तोच हवा आहे.

३. शास्त्रज्ञांनी मागे टाकलेले सामान सेलेस्तीनला. पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्राची पेटी हलवू नये, त्यात कोंबडी बसते. लांब मानेच्या जनावराचे चित्र मात्र जाळावे. तळ्यात राहते म्हणतात ते जनावर शोधायला पहिली मोहीम आली तेव्हा दुभाषी मी होतो. मोहिमेच्या साहेबांनी माझ्या बाबांना विचारले, नदी अडवणारे ते जनावर दिसते कसे? बाबांनी हात लांब केला, "मला काय विचारतोस? तिकडे पल्याडच्यांना विचार." साहेबांनी फक्त हात पाहिला आणि वहीत लांब मान काढली. ते इतके खूश झाले की बाबांचे वाक्य मी गिळले. त्या मानेमागे पुढे पाच मोहिमा आल्या.

४. चौथ्या मोहिमेत, भर दुपारी, तळ्यातून काहीतरी वर आले. मी ओरडलो, "मान! मान!" साहेबांच्या माणसाने बंदूक उचलली. गास्तों हसला, "दादा, सोंड आहे ती! हत्ती पोहतोय. इतकी वर्षं ही थाप त्यांना वाढलीस, आता स्वतःच जेवायला बसलास होय?" बंदूक खाली गेली. गावात परतल्यावर मी त्याला सर्वांसमोर खोटारडा म्हटले. मग त्याला कोणी वाटाड्या म्हणून नेईना. तो इम्फोंडोला निघून गेला. एकोणीस वर्षे झाली; आज सहीपुरता आला आहे.

मी काय पाहिले, मला कळत नाही. जी मान माझ्याच चुकीतून जन्मली, ती पाण्यातून वर कशी येईल? म्हणजे हत्तीच असणार. पण कान दिसले नव्हते. तरीही जाहीर करतो की गास्तों खरे बोलला, खोटा मी. हे कलम गावसभेत मोठ्याने वाचावे. पाणी ओसरल्यावर सेलेस्तीन नव्या मोहिमेला नेणार आहे. तिने बाबांचे वाक्य त्यांना पुरे सांगावे.

वाचून, समजून, जेवढे समजले तेवढ्यावर सही केली.

दवाखाना, एपेना, १४ जानेवारी २००९
फ्युल्जाँस एबाका

साक्षीदार: १. ओर्तांस म्बूला, परिचारिका
२. गास्तों एबाका. दादा, कलम चार खोड म्हटलं तर ऐकत नाहीस, म्हणून इथंच लिहितो. सोंड नव्हती ती. त्यांना नमुना हवा होता आणि बंदूक भरलेली होती, म्हणून हत्ती म्हणालो. काय होतं, मलाही माहीत नाही. सभेत काही वाचू नका. मी खोटारडाच बरा. आणि सेलेस्तीन, पोरी, कोणी विचारलं तर हत्तीच सांग.