अमडापूर निरंक नाही

चि. विहंग यास आशीर्वाद.

मी भरून पाठवलेल्या त्रेचाळीस फॉर्मांवर तुमच्या पुण्याच्या संस्थेने 'नागरी सहभाग निरंक' असा शेरा मारला आणि अमडापूर अभ्यासातून वगळायचे ठरवले, म्हणून हे पत्र. तुझी पाठदुखी कमी असेल. (नसल्यास खुर्चीतून उठत जा.) मी ठणठणीत आहे.

निम्मी चूक माझी. 'आपण कोणत्या नोंदणीकृत संस्थेचे सदस्य आहात?' हे मी छापल्याप्रमाणेच विचारले. कोकिळाबाई "कोन्त्याच नाई बाई" म्हणाल्या आणि समोरच्या घरच्या लग्नाचे पापड लाटायला गेल्या. मी निमूटपणे शून्य लिहिले. (चाळीस वर्षांपूर्वी समाजशास्त्रात बी. ए. झाले, त्याचा हा उपयोग.) पुढे 'शेजाऱ्यावरील विश्वास, एक ते पाच'. निवृत्तीभाऊ म्हणाले, "कोन्त्या शेजाऱ्यावर? उजवीकडल्याले पाच द्या. डावीकडल्या जानरावले उणे दोन." उणेचा रकाना तुम्ही ठेवलेला नाही.

फॉर्म परत आल्यावर मी पुन्हा घरोघर फिरले आणि एकच प्रश्न विचारला: तुमच्या घरी माणूस गेले, चूल बंद होती, तेव्हा पिठलं-भाकर कोणाकडून आली? त्रेचाळीस घरांनी दिवसवार नावे सांगितली. एकाच दिवशी दोन घरांची भाकर कुठेही आली नाही. पाळ्या कोण लावते, असे विचारल्यावर कोकिळाबाईंनी मलाच विचारले, "त्याले काय मिटिंग घ्या लागते काय?"

निवृत्तीभाऊंची आई गेली तेव्हा पहिली भाकर जानरावांकडची. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणामुळे दोघे अकरा वर्षे बोलत नाहीत. मी छेडले, तर निवृत्तीभाऊ म्हणाले, "बोलत तं आताबी नाई. पन भाकरीले कोन नाई म्हन्ते?" विश्वासाचा आकडा मात्र त्यांनी उणे दोनच ठेवायला लावला.

हे तुमच्या मोजपट्टीत बसत नसेल तर मोजपट्टी बदला. गाव वगळता येणार नाही.

तुझी मावशी,
स्नेहलता

ता. क. तुझे काका गेले तेव्हा माझ्याकडे कोणाकोणाची भाकर आली, हे मी तेव्हा पाहिले नव्हते. या फेरीत लोकांनीच सांगितले. ती नावे शेवटच्या कागदावर आहेत. तेवढा कागद नोंद करून मला परत पाठव.

आणखी ता. क. तुमच्या साहेबांना पत्र वाचायला वेळ नसेल, तर मी सोमवारी पुण्याला येते.

तुमच्या पर्यवेक्षक प्राची यांच्या हाती बुलढाणा बसस्थानकावर दिले: जुने फॉर्म ४३, नव्या प्रश्नाचे कागद ४४, तुमचे पेन १ (बंद). त्यांची सही घेतली आहे.