घड्याळजीकडची पाहुणी

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा बरा असल्याचं वाचून जिवाला बरं वाटलं. इकडे एक पाहुणी येऊन बसली आहे. दुकानाशेजारचे भाडेकरू घर सोडून गेले आणि मांजर मागेच टाकून गेले! बिचारी तीन दिवस कुलपासमोर बसून ओरडत होती. शेवटी उचलून दुकानात आणली. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला चिठ्ठी बांधतो, तशी सवयीने तिच्याही गळ्यात बांधली: क्रमांक ४१२, तक्रार भुकेची. चांगलं घर मिळेपर्यंतच ठेवणार आहे. हसू नकोस.

भाऊजींना नमस्कार. लोभ आता दोघांवर करावा लागेल.

तुझा,
छोटू

दि. १२ मार्च

चि. छोटूस अनेक आशीर्वाद.

हसले कुठे, पोट दुखेपर्यंत लोळले! फार बोलतात म्हणून तू पाच मुली नाकारल्यास, आणि आता ही बोलकी बया घरात घेतलीस? तिथल्या माझ्या दोन मैत्रिणींना कळवलं आहे. त्यांतली कुणी न्यायला आली तर मुकाट्याने दे. उगाच खुसपटं काढत बसू नकोस.

दोघांनी वेळेवर जेवावं, ही ताकीद.

तुझी,
ताई

दि. २६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या मैत्रिणी येऊन गेल्या. एकीचा आवाज फार मोठा, दुसरीच्या गच्चीला कठडा नाही. दोघींनाही नाही म्हटलं.

पण आता थट्टा पुरे. या आठवड्यात तीन घड्याळं बंद पडून परत आली. उघडून बघतो तर चाकांत मांजरीचे केस! वीस वर्षांत माझ्या हातचं एकही घड्याळ परत आलं नव्हतं. ती मात्र कामाच्या टेबलावर खुशाल झोपलेली. रागवायलाही जीव होईना. तिला द्यावंच लागणार, आणि मला देववत नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तुझा,
छोटू

दि. २ एप्रिल

चि. छोटूस अनेक आशीर्वाद.

मोठा आवाज चालत नसेल तर माझ्याकडेही पाठवणार नाहीस म्हणायचं! असो. हे दुकान तू एकट्याने उभं केलंस, ते आधी सांभाळ. तुझ्या समोरच राहणाऱ्या, निवृत्त झालेल्या नर्सबाईंना विचारून बघ. हळू बोलतात, घरी एकट्या असतात. आणि कृपा करून त्यांची परीक्षा घेऊ नकोस. मन घट्ट कर, बाळा.

तुझी,
ताई

दि. १५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दिली. नर्सबाईंनी तिच्यासाठी खिडकीत उशी ठेवली आहे. दुकान झाडून पुसून लख्ख केलं, त्यानंतर एकही घड्याळ परत आलेलं नाही. पण करमत नाही गं.

बाईंच्या भिंतीवर एक जुनं घड्याळ आहे. त्याला किल्ली द्यायला मी रोज संध्याकाळी जातो. एकदा किल्ली दिली की ते आठ दिवस चालतं. बाईंनाही ते ठाऊक आहे. तरी रोज चहा टाकतात.

भाऊजींना यातलं काही सांगू नकोस, जन्मभर चिडवतील.

तुझा,
छोटू