पदेराला कुणी विचारलं नाही

बाबा, सकाळी आपण दोघं चुलीपाशी बसायचो. तुम्ही चहात उंडो पाव बुडवत त्या दिवसाच्या धड्याचं टाचण काढायचात, मी कॉन्व्हेंटच्या बुटांना पॉलिश करायची. पाव घेऊन येणारा पदेर दारातूनच ओरडायचा, "मास्तर, मराठी शाळा तुमची आणि पोर सिस्टरांकडे?" तुम्ही हसून म्हणायचात, "तुझे पाव खाऊनच बिघडलो रे!"

पुढे मी कॉलेजात असताना गोव्यात मराठी की कोंकणी, या भाषेचं आंदोलन पेटलं. एका बंदच्या दिवशी पाव विकायला निघाला म्हणून त्याच पदेराला आपल्या घरासमोर तुमच्या दहावीच्या पोरांनी अडवलं, आणि एकाने दांड्याने त्याचा उजवा हात मोडला. शाळा उघडल्यावर तुम्ही मुद्दाम न्यूरेंबर्गचा खटला शिकवायला घेतलात. "हुकूम होता म्हणून केलं, असं तिथले आरोपी म्हणाले. तुमचं काय?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "आमकां सांगलें, आमीं केलें, सर." तुम्ही म्हणालात, "मराठीसाठी मारता आणि कबुली कोंकणीतून देता?" वर्ग हसला. घरी सांगताना तुम्हीही हसलात, आणि मग हातातला चहा तसाच निवला.

पोलीस आले तेव्हा मात्र, पोरं कोण ते ठाऊक नाही, म्हणालात. मी भांडले. "पोरां आमचीच मां गो, बाय. परीक्षा तोंडार आसा." त्याऐवजी देवळात गाऱ्हाणं घालायचं तुम्हीच ठरवलंत. पोरांनी नारळ ठेवला, गुरवाने त्यांची चूक देवाच्या कानावर घातली. पदेर पायरीखाली प्लास्टरातला हात धरून उभा होता. त्याला कुणी काही विचारलंच नाही. मिटलं, म्हणत सगळे घरी आले. तो हात पुन्हा पिठात गेला नाही. वर्षभरात भट्टी बंद झाली.

आज मी कायद्याच्या मुलांना न्यूरेंबर्गसारख्या खटल्यांचा इतिहास शिकवते. साक्षीदारांवर बोलताना दरवर्षी एका मास्तराची गोष्ट सांगते, सगळं माहीत असून न बोललेल्या. मुलं त्याच्यावर तुटून पडतात, आणि मी पडू देते. यंदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण मारताना प्रत्यक्ष पाहिलं कोणी?" मी पाठ फिरवून फळा पुसत राहिले.

बाबा, तुम्ही त्या बंदच्या दिवशी पेडण्याला आत्याकडे अडकला होतात. खिडकीत मी होते. दांडा कुणाच्या हातात होता, ते मी पाहिलं. मला कुणी विचारलं नाही, आणि तुमच्यावर रागावता रागावता माझं गप्प राहणं मी इतकी वर्षं झाकलं.

तुम्ही गेलात, आता मी माझं मृत्युपत्र लिहिते आहे: माझ्यामागे तुमची पुस्तकं शाळेला द्यावीत, आईच्या पाटल्या भाचीला. आणि ज्या कागदावर मी ते नाव लिहून सही केली आहे, तो पदेराच्या मुलाला. तो मुरगावला गोदीत असतो. माझ्यामागे, असंच लिहिते आहे. आज त्याच्या दारात जायला माझा पाय उचलत नाही.